हिप्परग्याच्या पाटाची गोष्ट

संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे, गंजलेल्या तलवारी आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी डोळ्यांपुढे येते. सोलापूरच्या पाण्याचा इतिहास पाहायला मात्र काच आड येत नाही. तो उघड्यावरच मांडलेला आहे. चला वाचकहो, त्याची चार दालने पाहून येऊ.

पहिले दालन शहराच्या पोटातच आहे. सिद्धेश्वर तलाव! बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तो खोदवला, असे परंपरा सांगते. शेजारी भुईकोट किल्ला. त्याला एका अंगाने तलावाचे पाणी आणि इतर बाजूंनी खंदक. एकच पाणी भक्ताला तीर्थ, गावाला आधार आणि किल्लेदाराला संरक्षण झाले. या मुलखात वर्षाचा पाऊस सरासरी 500 ते 600 मिलिमीटर, आणि तोही लहरी. साठवल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुसऱ्या दालनासाठी तुळजापूरच्या रस्त्याला लागा. तिथे अदिला नदीवर मातीचे धरण दिसेल. कागदोपत्री ते एकरूख. लोकांच्या तोंडी हिप्परग्याचा तलाव. 1871 मध्ये, म्हणजे खडकवासल्याच्याही आधी, ते पुरे झाले. उंची सुमारे 70 फूट, लांबी दोन किलोमीटरांहून अधिक.

धरणापासून निघणारे कालवे हे आपले तिसरे दालन. मूळ रचनेत कालवे तीन. दोन उंच पातळीवरचे. तलाव चांगला भरला तरच त्यांत पाणी चढायचे. तिसरा खालच्या पातळीवरचा. तो बारमाही चालावा अशी योजना. कालव्यातून चारी, चारीतून पाट आणि पाटातून वाफा, असे हे पाणी उताराउताराने, पंपावाचून शेतात पोचायचे. जमिनीचा उतार बारकाईने मोजल्याशिवाय हे साधत नाही, बरं का!

आता एक गमतीची गोष्ट. सरकारने कालवा काढला, पण शेतकरी दरसाल पाणी घेईनात. अडाणीपणा म्हणावा काय? मुळीच नाही. सोलापूरकडची काळी जमीन ओल धरून ठेवते. वेळेवर पाऊस झाला, की शाळू त्या ओलीवरच उभा राहतो. मग पदरचे पैसे मोडून पाणीपट्टी कशाला भरायची? आणि पाऊस दडला, की सगळ्यांनाच पाणी हवे. पण त्याच साली तलावातही येवा कमी! सुगीला गिऱ्हाईक नाही आणि टंचाईला माल नाही, असा हा पेच. 1876-77 च्या भीषण दुष्काळाने तो उघडा पाडला. एका तलावाने भागणार नाही हे दिसले. आष्टीच्या तलावासारखी कामे दुष्काळी मजुरांच्या हातून सुरू झाली.

चौथे दालन म्हणजे शहराचे नळ. रेल्वे सोलापुरात 1860 मध्येच आली होती. 1877 मध्ये पहिली कापड गिरणी, आपली ‘जुनी गिरण’, सुरू झाली. माणसे वाढली, तहान वाढली आणि 1880 च्या सुमारास एकरूखचे पाणी शहरात आणले गेले. शेतासाठी बांधलेल्या तलावात आता शहराची घागर बुडू लागली. पुढे तेही पुरेना. 1980 मध्ये भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले, आणि शंभरांहून अधिक किलोमीटरांवरून नळाने पाणी सोलापुरात येऊ लागले. पण उजनीच्या काठीही उसाचे मळे आहेत, कालवे आहेत. जुनाच प्रश्न मोठा होऊन पुढे उभा राहिला, इतकंच.

पाणी आधी कोणाचे? पिकाचे, गिरणीचे की घरच्या माठाचे? याचे उत्तर कोणा एका खात्याने कागदावर लिहून भागत नाही. तलाव जेव्हा तळ दाखवतो तेव्हा वाटणीचे भांडण सुरू होते. खरे तर ती वाटणी तलाव भरलेला असतानाच ठरवावी लागते.

म्हणून पुढच्या खेपेला तुळजापूरला जाताना हिप्परग्यापाशी जरा थांबा. नुसता जलाशय पाहून परतू नका. मोरीतून निघालेल्या पाटाकाठच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा, ‘मामा, यंदा पाणी किती पाळ्या मिळालं?’ या संग्रहालयाची माहिती त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार?