पाच वर्षांची अट

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १९४९ सालच्या शालेय संहितेत वरवर निरुपद्रवी दिसणारे एक कलम होते. ज्या मुलाचे मानसिक वय अजून पाच वर्षांचे झालेले नाही, त्याला प्रवेश नाकारण्याची मुभा त्या कलमाने शाळेला दिली होती. मुलाला थोडे वाढू द्यावे आणि मग शाळेत घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ आहे असे वाचणाऱ्याला वाटावे. परंतु वयाची बारा वर्षे उलटली तरी ज्याचे मानसिक वय पाचाच्या अलीकडेच राहणार, त्या मुलाच्या बाबतीत 'नंतर या' याचा अर्थ 'कधीच येऊ नका' असाच होत होता. त्याच संहितेतील आणखी एका कलमाने 'अशिक्षणीय' ठरलेल्या मुलाची जबाबदारी शिक्षणखात्याकडून काढून कल्याण खात्याकडे सोपवली होती. सक्तीच्या शिक्षणातून सूट ही वास्तविक पालकांसाठी ठेवलेली सवलत. शाळांनी तीच मुलांना बाहेर ठेवण्याचे हत्यार म्हणून वापरली.

'मानसिक वय' ही कल्पना मुळात मुलांना दाराबाहेर ठेवण्यासाठी जन्मलेली नव्हती. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेद बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी आपली पहिली श्रेणी तयार केली, ती वर्गात मागे पडणारी आणि वेगळ्या अध्यापनाची गरज असलेली मुले वेळीच ओळखता यावीत म्हणून. बुद्धी ही जन्मतः ठरून गेलेली आणि न वाढणारी वस्तू आहे, हे मत बिनेला मुळीच मान्य नव्हते आणि त्याने ते स्पष्ट शब्दांत नाकारले होते. अटलांटिक ओलांडून मोजपट्टी तेवढी गेली; तो नकार मागेच राहिला. ही मोजपट्टी पुढे मराठीतही आली. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली मुंबई-कर्नाटक भागातील मुलांसाठी मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत तिचे रूपांतर केले. 'बिने-कामत' हे जोडनाव आपल्याकडच्या कितीतरी आईवडिलांनी कुणा तज्ज्ञाच्या अहवालात वाचलेले असते. त्यातील कामत कोण, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

पेनसिल्व्हेनियातील पालकांनी १९४९ सालीच, म्हणजे ती संहिता आली त्याच वर्षी, आपली संघटना स्थापन केली होती. अमेरिकेत त्या काळी अशा संघटना जे करत तेच याही पालकांनी केले: मिळेल त्या जागेत वर्ग चालवायचे, शिक्षक शोधायचे, वर्गणी गोळा करायची. ज्यांना हेही शक्य नव्हते त्यांच्यापुढे पेनहर्स्ट होते. १९०८ साली उघडलेल्या या सरकारी संस्थेत माणसे अक्षरशः कोंबलेली होती. फिलाडेल्फियातील एका दूरचित्रवाणी केंद्राने १९६८ साली तिथली दृश्ये घराघरांत पोचवली आणि त्यानंतर 'आम्हांला कल्पना नव्हती' असे म्हणायची सोय कुणाला राहिली नाही.

पालकांनी थॉमस गिलहूल या तरुण वकिलाला गाठले. त्याचा स्वतःचा भाऊ पेनहर्स्टमध्ये राहिलेला होता. गिलहूलने संस्थेतील हालअपेष्टांवर खटला उभा करण्याऐवजी शाळेचा मुद्दा पुढे केला, आणि मला तरी हा त्याचा सर्वांत दूरदर्शी निर्णय वाटतो. मूल संस्थेत का जाते? शाळेने दार लावले म्हणून. वर्णभेदाच्या प्रश्नावर १९५४ साली ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की राज्याने एकदा शिक्षण द्यायचे ठरवले की ते सर्वांना समान अटींवर दिले पाहिजे. तोच युक्तिवाद त्याने इथे आणला. जानेवारी १९७१ मध्ये दावा दाखल झाला. ऑगस्टमध्ये तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या: प्रत्येक मूल काही ना काही शिकू शकते, कुणी वाचायला शिकेल, कुणी स्वतःच्या हाताने जेवायला. त्यानंतर राज्याने लढण्याऐवजी तडजोड पत्करली आणि ऑक्टोबरमध्ये संमतिपत्र झाले. ५ मे १९७२ रोजी न्यायालयाने त्यावर अंतिम शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन शहरातील मिल्स खटल्याच्या निकालाने आणखी एक पळवाट बुजवली. पैसा अपुरा असेल तर त्याची झळ सर्वांना सारखी बसावी, ती एकट्या या मुलांवर टाकता येणार नाही, असे न्यायाधीशांनी बजावले.

या दोन निकालांतून १९७५ चा केंद्रीय कायदा उभा राहिला. अध्यक्ष फोर्ड यांनी २९ नोव्हेंबरला त्यावर सही केली ती नाखुशीनेच. सरकार पुरे करू शकणार नाही इतके आश्वासन यात दिले आहे, असे त्यांनी सहीच्या वेळीच सांगितले. ते खरेही ठरले. जादा खर्चातील चाळीस टक्के वाटा केंद्र उचलेल हे वचन आजतागायत पाळले गेलेले नाही. पण त्या कायद्याने एक कागद निर्माण केला: प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शिक्षण-आराखडा. मूल आज कुठे आहे, वर्षभरात कुठवर जावे, त्यासाठी वाचा-उपचार किती वेळ, शिक्षक कोण, हे सगळे त्यात लिहायचे. तो लिहिताना टेबलाच्या एका बाजूला शाळा आणि दुसऱ्या बाजूला आई किंवा वडील. पालकांना पटले नाही तर सुनावणी मागता येते. आजवर अर्जदार असलेला पालक इथे पक्षकार झाला. इतक्या कोरड्या कागदाने इतके मोठे काम केल्याची उदाहरणे इतिहासात फार नसावीत.

लहान मुलांची पाळी यायला आणखी अकरा वर्षे लागली. १९८६ च्या दुरुस्तीने जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठी कुटुंबाला धरून सेवा आखली आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांची जबाबदारी शाळांवर टाकली. पुढे 'विकासातील विलंब' एवढ्याच नोंदीवर, आजाराचे नाव निश्चित झालेले नसतानाही, राज्यांना मुलाला पात्र ठरवता येऊ लागले. १९९७ मध्ये ही मुभा नवव्या वर्षापर्यंत वाढली. निदानासाठी थांबण्यात वाया जाणारी वर्षे हीच नेमकी मूल भराभर शिकण्याची वर्षे असतात, हे शहाणपण त्यामागे होते.

आपल्याकडचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी शाळा सुरू केली. ती आज जय वकील या नावाने ओळखली जाते. पुण्यात १९६४ मध्ये कामायनी सुरू झाली. १९७२ मध्ये, पेनसिल्व्हेनियाचा निकाल लागला त्याच वर्षी, मिथू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली; त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. तिथले पालक न्यायालयात गेले, आपल्या पालकांनी शाळा उभारल्या. या माणसांच्या कर्तृत्वाविषयी आदरच वाटतो, तरीही म्हणावे लागते, की त्यांच्या पुण्याईने सरकारला फार काळ निश्चिंत ठेवले. महाराष्ट्रात विशेष शाळा शिक्षण खात्याकडे नव्हे, तर दीर्घकाळ समाजकल्याणाकडे राहिल्या आणि २०२२ पासून त्या स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या संहितेतील खातेवाटप इथे आठवल्यावाचून राहत नाही.

कायदे अर्थात झाले. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली. मात्र त्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्याने प्रकार एकवीस केले, त्यांत स्वमग्नता आली, अध्ययन-अक्षमताही आली. या विस्ताराचे कौतुक होणे योग्यच. पण त्याच कायद्याचे ३१ वे कलम फारसे कुणी बारकाईने वाचत नाही. १९९५ च्या कायद्यात वयाची वरची मर्यादा होती, खालची नव्हती. ३१ व्या कलमाने 'सहा ते अठरा' असे म्हटले, आणि तेही चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलांसाठी. हे टक्के ठरवतात रुग्णालयातले डॉक्टर. मुलाला वर्गात कोणती मदत लागेल हे त्या कागदावर लिहिलेले नसते. अध्ययन-अक्षमतेच्या बाबतीत २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर आठ वर्षे पूर्ण होण्याआधी प्रमाणपत्रच नाही असे ठरवले. सहा वर्षांखालील मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आली, पण ती आरोग्य खात्याची. तिथल्या थेरपिस्टने लिहिलेला कागद बालवाडीच्या बाईंवर बंधनकारक नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण निश्चित करण्याचा आदेश दिला. त्यानुसार सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली: प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकमध्ये पंधरांमागे एक. राज्ये हलली नाहीत, तेव्हा मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, की पदे मंजूर करा आणि भरा. हे प्रमाण इयत्ता पहिलीपासून सुरू होते. अद्याप न बोलणारे चार वर्षांचे मूल त्या गणतीत धरलेले नाही.