भागीदाराची पारख : स्मृतिकालापासून आजपर्यंत

आपल्या समाजातील तरुण पिढी केवळ नोकरीवर विसंबून न राहता स्वतंत्र धंद्याकडे वळू लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. एकट्याचे भांडवल अपुरे पडते म्हणून दोघे-तिघे एकत्र येतात, मुद्रांकित कागद आणला जातो, शुभ मुहूर्त पाहिला जातो आणि सह्या होतात. मुहूर्ताची चौकशी दहा ठिकाणी होते. परंतु ज्याच्याबरोबर सही करावयाची त्याची चौकशी मात्र एका ठिकाणीही होत नाही. ‘आपलाच माणूस आहे, त्याला काय विचारायचे?’ हे वाक्य अशा प्रसंगी हटकून ऐकू येते. आपल्या पूर्वजांनाही आपली माणसे होती; पण या बाबतीत ते किती सावध होते, हे पाहिले असता आपणांस विस्मय वाटेल.

प्राचीन धर्मशास्त्रकारांनी व्यवहाराची, म्हणजे न्यायालयीन वादांची, अठरा पदे मानली आहेत. त्यांपैकी ‘संभूयसमुत्थान’ हे एक पद होय. अनेकांनी मिळून केलेला उद्योग, असा त्याचा अर्थ. बृहस्पतिस्मृतीचा मूळ ग्रंथ आज अखंड उपलब्ध नाही. निरनिराळ्या निबंधग्रंथांत विखुरलेली त्याची वचने विद्वानांनी परिश्रमपूर्वक गोळा केली व असा एक संग्रह बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९४१ साली प्रसिद्ध झाला. या स्मृतीत भागीदार कसा असावा, हे स्पष्ट सांगितले आहे. तो कुलीन, दक्ष, उद्योगी, बुद्धिमान, नाण्यांची पारख असलेला, जमाखर्चात निपुण, शुचि आणि धाडसी असावा. असमर्थ, आळशी, व्याधिग्रस्त किंवा निर्धन मनुष्याबरोबर शहाण्याने व्यापार मांडू नये. यातील कुलीनता हा गुण अनेकांपैकी एक आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. केवळ कुळावर स्मृतिकाराने भिस्त ठेवलेली नाही. हिशेबाचे ज्ञान आणि हाताची शुद्धता यांनाही त्याने तितकेच महत्त्व दिले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने तर कुटिलपणा करणाऱ्या भागीदारास नफा न देता दूर करावे, असा दंडकच घालून दिला.

मराठेशाहीच्या काळात विश्वासाला जामिनाची जोड असे. जुन्या दप्तरांतील कागद चाळणाऱ्यास ‘जामीनकतबा’ हा शब्द वारंवार भेटतो. जामिनांतही प्रकार होते. मनुष्य वेळेवर हजर होईल याची हमी घेणारा तो हाजिरजामीन, पैशाचा भरणा होईल याची हमी घेणारा तो मालजामीन आणि वर्तणूक नीट राहील याची हमी घेणारा तो फेलजामीन. मनुष्य पळून जाणार नाही, त्याच्याकडून येणे वसूल होईल आणि तो वाकडा वागणार नाही, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या लोकांनी नेमके ओळखले होते. आज आपण या तिन्ही गोष्टींची एकाच ‘भला माणूस आहे’ या शब्दांत मोट बांधतो आणि पुढे पस्तावतो.

सराफी पेढ्यांवरील हुंडीच्या व्यवहारातही हीच दृष्टी दिसते. ‘शाहजोग’ नावाची हुंडी केवळ शाहालाच, म्हणजे बाजारात पत असलेल्या माहितगार व्यापाऱ्यालाच, देय असे. हुंडी घेऊन कोणीही अनोळखी मनुष्य आला म्हणून पैसे मोजावयाचे नाहीत. घेणाऱ्याची पत आधी पाहावयाची. पुढे हुंडी चोरीची वा बनावट निघाली, तर पैसे घेणाऱ्या शाहावर ते परत करण्याची जबाबदारी येई. येथे पत आणि ऐपत यांतील भेद समजून घेण्याजोगा आहे. ऐपत म्हणजे जवळ किती आहे ते. पत म्हणजे दिलेला शब्द किती वेळा पाळला ते. ऐपत एका दिवसात मिळते आणि जाते. पत मिळविण्यास आयुष्य लागते.

चौकशीचा हा परिपाठ सुटला म्हणजे काय घडते, याचा दाखला मुंबईच्या इतिहासात आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले व तेथील कापूस इंग्लंडला जाणे जवळजवळ बंद पडले. हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका, नव्या मंडळ्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना यांचे पेव फुटले. बॅक बे मंडळीचे भाग मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकले जाऊ लागले. १ जुलै १८६५ या तारखेच्या वायद्याने प्रचंड सौदे झाले. समोरचा मनुष्य त्या दिवशी पैसे कोठून देणार, हे विचारण्यास कोणालाही सवड नव्हती. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपत आले, कापसाचे भाव कोसळले आणि वायद्याचा दिवस उजाडला तेव्हा एकाच्या दिवाळ्यात दुसऱ्याचे दिवाळे गुंतलेले आढळले. १८४० साली स्थापन झालेली, सरकारचाही हिस्सा असलेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. त्यानंतर नेमलेल्या चौकशी मंडळाने ज्या कारणांवर बोट ठेवले, त्यांत काळाची विलक्षणता होतीच. परंतु १८६३ च्या कायद्याने सैल झालेले निर्बंध, चिटणिसांकडून अधिकाराचा दुरुपयोग आणि संचालकांची बेपर्वाई हीही होती. कर्ज मागणाऱ्याच्या नावाच्या दबदब्याने मोठमोठ्या विद्वानांचेही डोळे दिपले होते, असाच याचा अर्थ.

आता कायद्याकडे वळू. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात फसवणुकीने घेतलेली संमती रद्द करून घेण्याची सोय आहे. परंतु कलम १९ मध्ये एक अपवाद आहे. चुकीच्या कथनामुळे किंवा कपटी मौनामुळे संमती दिली, पण सामान्य तत्परतेने खरी गोष्ट शोधून काढण्याचे साधन आपल्या हाती होते, असे दिसले, तर करार रद्द ठरविता येत नाही. म्हणजे चौकशी न करणे हा केवळ भोळेपणा नव्हे; काही प्रसंगी त्यामुळे दाद मागण्याचा हक्कही जातो. १९३२ चा भागीदारी कायदा याहून कडक आहे. पेढीच्या कामापुरता प्रत्येक भागीदार हा पेढीचा प्रतिनिधी समजला जातो आणि पेढीच्या देण्यास प्रत्येक भागीदार सर्वांबरोबर तसाच एकटाही जबाबदार असतो. एकाने उधार आणलेल्या मालासाठी दुसऱ्याचे राहते घर आणि पत्नीबरोबर पै-पै करून साठविलेली शिल्लक धोक्यात येते, ती यामुळेच. मर्यादित जबाबदारीची भागीदारी २००८ च्या कायद्याने शक्य झाली, तिचा विचार तरुणांनी अवश्य करावा.

माझ्या माहितीत दोन सख्ख्या मावसभावांची एक पेढी होती. थोरल्याची आधीच्या एका धंद्यातील थकबाकी सगळ्या पेठेला ठाऊक होती. ती ठाऊक नव्हती एकट्या धाकट्याला, कारण विचारणे त्याला अप्रशस्त वाटले. तीन वर्षांत पेढी बुडाली. पैसा गेला तो गेलाच. पण दोन घरांतील भाऊबीज बंद झाली, ती आजतागायत सुरू झालेली नाही. ज्या नात्याला जपण्यासाठी प्रश्न विचारला नाही, ते नातेच न विचारल्यामुळे तुटले.

म्हणून तरुण बंधुभगिनींस माझे सांगणे एवढेच की, सहीपूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात. पेढी नोंदलेली असल्यास निबंधकाच्या कार्यालयातील नोंदवही शुल्क भरून पाहता येते, ती पाहावी. वस्तू व सेवा कराचा क्रमांक खरा आहे की नाही, हे आता घरबसल्या समजते. मागील काही वर्षांची रोजकीर्द, खतावणी व कराची विवरणपत्रे मागावीत. ज्यांनी त्याला माल दिला त्या आडत्यांस, व ज्यांच्याबरोबर त्याची पूर्वी पाती होती त्या जुन्या भागीदारांस, जाऊन भेटावे. न्यायालयात दावे आहेत काय, जागेवर बोजा आहे काय, याचा शोध घ्यावा. आणि आपलेही कागद न मागता त्याच्यापुढे ठेवावेत; म्हणजे चौकशी हा अविश्वास न राहता रीत होते.

एकाच गावात, एकाच आळीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ज्ञातीत प्रत्येकाचे वर्तन सर्वांस दिसत असे. म्हणून ज्ञातीचे नाव हीच एक हमी होती. आज आपण मुंबई, पुणे, नागपूरच नव्हे, तर परदेशांतही विखुरलो आहोत. आडनाव ओळखीचे असले तरी मनुष्य ओळखीचा असतोच असे नाही. ज्ञातिबंधुत्वाने ओळख करून द्यावी. पारख ज्याची त्याने करावी. चोख मनुष्यास चौकशीचा राग येत नाही, आणि ज्यास येतो त्याच्या रागातच आपल्याला उत्तर मिळालेले असते.