चार छटांचा पडदा

१९८९ साली हातात धरून खेळायची दोन यंत्रं अमेरिकेच्या बाजारात उतरली. अटारीच्या लिंक्सचा पडदा रंगीत, आतून उजळणारा. निन्टेंडोच्या गेमबॉयचा हिरवट, चारच छटांचा. अंधारात काही दिसायचं नाही आणि वेगानं सरकणारी आकृती पुसट व्हायची. पाठोपाठ सेगाचा गेम गिअरही रंग घेऊनच आला. तरी बाजी मारली गेमबॉयनं.

याचं थोडं श्रेय गुनपेई योकोई या निन्टेंडोच्या अभियंत्याला आहे. जुनं, स्वस्त, अंगवळणी पडलेलं तंत्रज्ञान नव्या कामाला जुंपायचं, ही त्यांची रीत. त्यामुळे गेमबॉय चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. प्रतिस्पर्धी सहा सेल चार-पाच तासांत संपवायचे. किंमतही लिंक्सच्या निम्मी, ९० डॉलरच्या आसपास. पण स्वस्ताई आणि सेलची बचत माणसाला दुकानापर्यंत नेते. यंत्र रोज हातात घ्यायला लावतो तो खेळ.

तो खेळ मॉस्कोहून आला. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये टेट्रिस रचला तो इलेक्ट्रोनिका ६० या संगणकावर, ज्याला चित्रं काढताच येत नव्हती. ठोकळे कंसांच्या चिन्हांनी उभे केले होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये व्हिडिओ गेमचे प्रकाशक हेंक रॉजर्स मॉस्कोला जाऊन थडकले आणि सोव्हिएत सरकारी संस्थेशी बोलणी करून त्यांनी हातात धरायच्या यंत्रांसाठी टेट्रिसचे हक्क मिळवले. खोक्यात मारिओ द्यावा की टेट्रिस, असा प्रश्न निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेपुढे होता. मुलांसाठी मारिओ ठीक, पण सगळ्यांसाठी टेट्रिस, असं रॉजर्स यांनी तिथले प्रमुख मिनोरू अराकावा यांना पटवलं. ही निवड किती अचूक होती! संथपणे खाली येणाऱ्या ठोकळ्यांना ना रंग लागतो, ना चपळ पडदा. पडद्याचं उणेपण या खेळात जाणवतच नाही. शिवाय आई-वडीलही पोरांच्या हातून यंत्र काढून घेऊ लागले. (आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी दिसणारा ‘ब्रिक गेम’ याच टेट्रिसची नक्कल.)

खेळच यंत्राला तारतो, याची उलट बाजू योकोईंचंच पुढचं यंत्र दाखवतं. १९९५ चा व्हर्च्युअल बॉय खोलीचा भास देणारी त्रिमितीय चित्रं दाखवायचा, तीही फक्त लाल-काळी. बघणाऱ्याचे डोळे शिणायचे आणि एवढं सोसून खेळावं असं त्यात फारसं नव्हतं: जपान आणि अमेरिका मिळून जेमतेम २२ गेम. वर्षभरात तो गुंडाळावा लागला.

गेमबॉयही तोवर म्हातारा झाला होता. त्याला पुन्हा उभं केलं ते २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये आलेल्या पोकेमॉन या खेळानं. लहानपणी किडे गोळा करण्याचं वेड असलेल्या सातोशी ताजिरी यांनी दोन यंत्रांना जोडणाऱ्या साध्या केबलमधून खेळातल्या प्राण्यांची अदलाबदल घडवली. रेड आणि ग्रीन अशा दोन आवृत्त्या. काही प्राणी एकीत, काही दुसरीत. संग्रह पुरा करायचा तर मित्र गाठावाच लागे. केबल १९८९ पासूनच मिळत होती. ती खिशात घेऊन फिरण्याचं कारण सात वर्षांनी मिळालं. गेमबॉयला रंग आला तो त्याही नंतर, १९९८ मध्ये, आणि त्या नव्या यंत्रातही जुनी कार्ट्रिज चालत होती.