डावा कोपरा

मेहकरच्या मैदानावर शालेय कबड्डीचा तालुकास्तरीय सामना शेवटच्या चढाईवर आलाय आणि तू डावी कोपरारक्षक आहेस. समोरची मुलगी मध्यरेषा ओलांडून तिरकी येते. नजर उजवीकडे, पाय तुझ्याकडे. तुला राहवत नाही, तू झेप घेतेस. घोटा हाताला लागतो, निसटतो आणि ती लोळत मध्यरेषेला हात लावते. तू बाद, सामना गेला. दोरीपलीकडून एक म्हातारबा ओरडतो, "काहून झपटली वं पोरी? यिऊ द्याची व्हती ना तिले आत!"

म्हातारबाचं म्हणणं बरोबर आहे, पण ते कळायला तुला इथून बरंच लांब जावं लागेल. एसटीनं जाता येणार नाही. चल.

पहिला मुक्काम लांबचा असला तरी माणसं जवळचीच भेटतात. 1936 सालचं बर्लिन. ऑलिंपिक चालू आहे आणि परक्या गर्दीसमोर आपल्या वऱ्हाडातली, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करतायत. त्यांत कबड्डीही आहे. बघणाऱ्यांना त्यातलं किती कळलं असेल, शंकाच आहे. तू इथे फार थांबू नकोस. हा खेळ आशियाई स्पर्धेत यायला 1990 उजाडेल आणि बायकांच्या कबड्डीला तर थेट 2010.

आता ऐंशीच्या दशकातलं नाशिक. शैलजा जैन इथे मुलींना कबड्डी शिकवतात. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ त्या हेच करणार आहेत. मॅट अजून कुणी पाहिलेली नाही, सगळा खेळ मातीवर, अनवाणी. एखादा नाट्यमय प्रसंग घडेल म्हणून वाट बघशील तर कंटाळशील. पकडीचा सराव कुठल्याही मैदानावर एकसुरीच असतो: एकीनं चालत यायचं, दुसरीनं फक्त चवडा धरायचा, आणि पुन्हा, आणि पुन्हा. मग दोघींनी हात धरून साखळी करायची आणि एकीला न ओढता दुसरीनं सरकायचं. मग कोपऱ्यानं चवडा धरताच मध्यरक्षकानं वरून अंगावर यायचं. तिला अर्धा क्षण उशीर झाला तर कोपरा फुकट जातो.

हिशेब नीट समजून घे, कारण तुझी चूक त्यातच दडलेली आहे. चढाईला तीस सेकंद मिळतात. चढाईवाली तुला शिवून परत गेली तर तू बाद. तुझ्या मदतीला आलेल्या दोघींनीही तिला हात लावला आणि तरीही ती मध्यरेषेपर्यंत पोचली, तर तिघी बाद. पकड फसली की नुकसान एकटीचं राहत नाही. उलट कुणीच हात लावला नाही आणि तिला बोनसही मिळाला नाही, तर ती रिकाम्या हाती जाते. म्हणजे तीस सेकंद काहीच न करणं हासुद्धा बचावच असतो. तोच शिकवायला सगळ्यात अवघड, कारण चौदा वर्षांच्या मुलीला गप्प उभं राहा म्हणणं म्हणजे तिला शिक्षा केल्यासारखं वाटतं. माझं मत विचारशील तर चढाई थोडीफार उपजत असते. गल्लीत पळापळ खेळणाऱ्या पोरीकडेही ती सापडते. सात जणींचा बचाव मात्र कुणीतरी वर्षानुवर्षं बसवावा लागतो. टाळ्या चढाईला पडतात आणि प्रशिक्षकाचा कस बचावात लागतो.

2014, इंचेऑन, दक्षिण कोरिया. आशियाई स्पर्धेतली महिलांची अंतिम लढत, भारत विरुद्ध इराण. भारत 31, इराण 21. दहा गुणांचं अंतर. त्या स्पर्धेतलं सुवर्ण पुरुषांनीही नेलं, 1990 पासून ओळीनं सातवं. या खेळात आपल्याला कोण हरवणार, असा सूर सगळीकडे आहे.

शैलजाताईंना भारतीय संघाचं प्रशिक्षकपद हवं होतं. ते मिळालं नाही. निवृत्तीनंतर बोलावणं आलं ते इराणचं. साठी गाठलेली शाकाहारी मराठी बाई, भाषा फारसी, डोक्यावर रुमाल सक्तीचा. त्यांनी हो म्हटलं. 2017 सालच्या इराणमध्ये तू त्यांच्या मागोमाग हॉलमध्ये शिरतेस तेव्हा मुली पूर्ण बाह्यांच्या पोशाखात, केस झाकून मॅटवर उभ्या असतात. सरावाच्या आधी योगासनं आणि प्राणायाम, ही मॅडमनी लावलेली सवय. योगाचं आपल्याला काय कौतुक, असं म्हणशील. पण एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायच्या खेळात श्वासावर ताबा नको का? बचावालाही श्वास लागतो. वाट बघताना छाती धपापली की हात आपोआप पुढे जातो.

मॅडम मुलींकडून तोडकीमोडकी फारसी शिकतात, मुली त्यांच्याकडून खेळ. पण लगेच काही जमत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात इराणच्याच गोरगान शहरात आशियाई अजिंक्यपद होतं आणि यजमान मुली अंतिम फेरीपर्यंतही पोचत नाहीत. तिथे भारत दक्षिण कोरियाला हरवतो.

गोरगानचं नाव ऐकून थांबलीस ना? बरोबर, फजल अत्राचली तिथलाच. तोही तुझ्यासारखाच डावा कोपरारक्षक. मे 2018 मध्ये प्रो कबड्डीचा लिलाव होतो आणि यू मुंबा त्याच्यासाठी एक कोटी रुपये मोजते. लीगमधला पहिला कोट्यधीश खेळाडू इराणी निघाला याचा गवगवा झाला. तो बचावपटू आहे, हे मात्र बातम्यांत दुय्यम राहिलं. मला तर तीच खरी बातमी वाटते.

24 ऑगस्ट 2018, जकार्ता. पुन्हा आशियाई स्पर्धा, महिलांची अंतिम लढत, पुन्हा भारत विरुद्ध इराण. कबड्डीचे सामने तामान मिनीतल्या गरुड सभागृहात आहेत. आदल्या दिवशीच इराणच्या पुरुषांनी उपांत्य फेरीत भारताला हरवलंय. स्कोअर 27-18. त्यामुळे आज भारतीय बाकांवरची हवा जड आहे. तू प्रेक्षकांत बसतेस आणि आधी दोन नावं शोधतेस: सोनाली शिंगटे आणि सायली केरीपाळे. दोघी महाराष्ट्राच्या, दोघी भारताच्या जर्सीत. पलीकडे इराणच्या बाजूला नाशिकच्या शैलजा जैन. मैदानाच्या दोन्ही अंगांना मराठी कळणारं माणूस आहे.

मध्यंतराला भारत 13-11 असा पुढे. आता चढाईकडे बघू नकोस. अख्खं सभागृह तिकडेच बघतंय, तू इराणच्या कोपऱ्याकडे बघ. चढाईवाली निदानरेषा ओलांडते, पाय लांबवते, हुलकावणी देते. कोपरा जागचा हलत नाही. पुन्हा हूल. कोपरा अर्धं पाऊल मागे सरतो आणि तिथेच थांबतो. तुझा हात नकळत पुढे जातो, मेहकरला गेला होता तसाच, आणि तुझं तुलाच हसू येतं. मग त्या चढाईवालीचा सगळा भार पुढच्या पायावर येतो, परत फिरायला आता तो उचलावा लागणार. एवढ्यासाठीच थांबायचं होतं. चवडा धरला जातो आणि पुढच्या क्षणी मध्यरक्षक अंगावर.

उत्तरार्धात भारतावर लोण चढतो. सातही जणी बाहेर, दोन गुण जादा. तिथून इराण पुढे निघतो. भारत पाठ सोडत नाही, शेवटच्या मिनिटांत अंतर कमी करत आणतो. बाक रिकामे पडतात, सगळे उभे राहून ओरडतात. शिट्टी वाजते: इराण 27, भारत 24. इराणच्या मुली एकमेकींवर कोसळतात. महिला कबड्डीत भारताचं आशियाई सुवर्ण पहिल्यांदाच दुसऱ्याकडे गेलंय. त्याच दिवशी इराणचे पुरुषही सुवर्ण जिंकतात.

इंचेऑनचं ते दहा गुणांचं अंतर चार वर्षांत उलटलं. सगळं श्रेय एकट्या मॅडमचं, असं मी म्हणणार नाही. चार वर्षांपूर्वीही अंतिम फेरी गाठणारा संघ त्यांच्या हाती आला होता. पण हरणाऱ्यांना जिंकणं शिकवायला कुणीतरी लागतंच आणि ते कुणीतरी नाशिकहून गेलं होतं. आपल्याकडे मात्र अनेकांना शैलजा जैन हे नाव त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

तू नेमक्या कोणत्या बाजूला होतीस, हे गावात कुणाला सांगू नकोस. सोनाली आणि सायलीच्या गळ्यात रौप्य पडताना तुला वाईट वाटलं, हे सांग. तेही खोटं नाही. आणि तेवढ्यानं मन भरत नसेल तर पाच वर्षं आणखी पुढे जा. 7 ऑक्टोबर 2023, हांगझोउची आशियाई स्पर्धा. भारताच्या मुली चायनीज तैपेईला हरवून सुवर्ण परत आणतात. 26-25, एका गुणानं. तिथेही कोपऱ्याजवळची जागा धर.