सभागृहातली जोडणी : काचेच्या चित्रापासून १२८ बाइटच्या ओळखपत्रापर्यंत

राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की २८ फेब्रुवारी १९२८ या तारखेची उजळणी होते. त्यानंतर सतराच दिवसांनी, १६ मार्च रोजी, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात ‘एक नवे प्रारण’ या विषयावर व्याख्यान दिले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. निरीक्षण कोलकात्याचे, त्याची सविस्तर मांडणी झाली ती बंगळूरच्या श्रोत्यांसमोर. शोध लागणे आणि तो सभेपुढे मांडला जाणे या दोन निराळ्या घटना आहेत आणि दुसरीवाचून पहिली पुरी होत नाही. म्हणून व्याख्यानाच्या सभागृहाचा इतिहास हाही विज्ञानाच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

याच शहरातल्या एका परिषदेत मी पाहिलेला प्रसंग सांगतो. लहान गावच्या महाविद्यालयातून आलेल्या एका विद्यार्थिनीला बारा मिनिटे दिली होती. तिने आपला लॅपटॉप व्यासपीठावरच्या केबलला जोडला आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरे उमटली. केबल काढली, पुन्हा लावली, कोणीतरी अडॅप्टर आणून दिला. चित्र दिसेपर्यंत पाच मिनिटे सरली होती. प्रश्नोत्तरे रद्द झाली आणि ‘तयारी करून यायला हवे होते’ असा शेरा मागच्या रांगेतून ऐकू आला. दोष खरोखर तिचा होता का? याचे उत्तर मिळवण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९च्या सुमारास जादूचा कंदील रचला. दिवा, काचेवर रंगवलेले चित्र आणि भिंग, एवढीच त्याची सामग्री. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी हेच तंत्र ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मराठी प्रेक्षकांपुढे आणले. काचांवरची चित्रे कौशल्याने सरकवून ते पुराणकथांना पडद्यावर हालचाल देत. पुढे वर्गांत आणि सभांत काचेच्या स्लाइड आल्या, मग ३५ मिलिमीटर फिल्मच्या स्लाइड, मग ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका. या सर्वांत एक गोष्ट समान होती : चित्र व्याख्याता स्वतःच्या पिशवीतून आणत असे आणि सभागृह केवळ दिवा पुरवीत असे. दिवा कोणाला काही विचारत नसे. जुळायचे ते फक्त आकारमान. ३५ मिलिमीटर स्लाइडची चौकट दोन इंच चौरस असायची, आणि ती खाचेत बसते की नाही हे डोळ्यांना दिसत असे.

एप्रिल १९८७मध्ये दोन घटना घडल्या. आयबीएमने पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए ही चित्रप्रणाली आणली आणि त्याच महिन्यात मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती निघाली. गंमत अशी की, ती पहिली आवृत्ती मुख्यतः पारदर्शिका छापण्यासाठी होती. संगणकातून थेट पडद्यावर चित्र दाखवण्याची सोय काही वर्षांनी आली. ती आल्यावर व्हीजीएची पंधरा टाचण्यांची जोडणी सभागृहांत स्थिरावली. लाल, हिरवा आणि निळा यांसाठी चढउतार होणारे तीन विद्युतदाब आणि ओळी व चौकटी जुळवणारे दोन संकेत, हा तिचा गाभा. मुळात हे एकतर्फी बोलणे होते. केबल लांब असली तर अक्षरांना सावल्या पडत, रंग फिकटत. पण काही ना काही दिसत असे.

१९९४मध्ये ‘व्हेसा’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेने या एकतर्फी बोलण्याला उत्तराची वाट दिली. पडद्याने आपले ओळखपत्र संगणकाला कळवावे अशी योजना झाली. ते ओळखपत्र म्हणजे ईडीआयडी : १२८ बाइटची माहिती, ज्यात निर्माता कोण, किती बिंदूंचे चित्र पेलते, सेकंदाला किती वेळा बदलते हे लिहिलेले असते. हेतू उत्तमच होता. वापरणाऱ्याने आकडे जुळवत बसू नये. २००२च्या अखेरीस आलेल्या एचडीएमआयने हा संवाद जोडणीचा कणाच केला. लॅपटॉप पाच व्होल्ट पाठवतो, पडदा एका तारेवरून ‘मी हजर आहे’ असे कळवतो, लॅपटॉप ओळखपत्र वाचतो आणि मगच चित्र निघते.

घरात दोघांच्या मध्ये एक मीटरची तार असते. सभागृहात भिंतीतून गेलेली लांब केबल, निवड करणारा स्विच, दोन पडद्यांसाठी विभाजक असे मध्यस्थ असतात. त्यांपैकी एकाने ओळखपत्र पुढे पोचवले नाही की सुस्थितीतला लॅपटॉप आणि सुस्थितीतला प्रोजेक्टर एकमेकांना अनोळखी राहतात. शिवाय अंकीय संकेत हळूहळू फिका होत नाही. एका मर्यादेपर्यंत तो निर्दोष असतो आणि ती ओलांडताच पडदा काळा होतो. तरीही १९८७ पुरते पुसले गेलेले नाही. ६४० × ४८० बिंदूंचे चित्र प्रत्येक एचडीएमआय पडद्याला पेलता आलेच पाहिजे, असा नियम आहे. अडचणीत लॅपटॉप कधी कधी एवढेसे ओबडधोबड चित्र दाखवतो, ते या वारशामुळेच.

डिसेंबर २०१०मध्ये इंटेल, एएमडी आदी कंपन्यांनी २०१५पर्यंत व्हीजीएला निरोप देण्याचे जाहीर केले. २०१४मध्ये यूएसबी-सी आले आणि आकाराची उरलीसुरली खूणही गेली. दोन लॅपटॉपची भोके हुबेहूब सारखी असतात, पण एकातून चित्र बाहेर पडते आणि दुसऱ्यातून फक्त विजेची व फायलींची ये-जा होते. लॅपटॉप काही वर्षांत बदलतो. भिंतीतल्या तारा मात्र इमारतीच्या वयाने जगतात.

म्हणून त्या विद्यार्थिनीवरचा शेरा मला अन्यायाचा वाटतो. एके काळी जुळणीचा करार स्लाइडच्या चौकटीत उघड दिसत होता. आज तो दोन यंत्रांच्या मूक संभाषणात दडलेला आहे, आणि त्यातले मध्यस्थ फक्त यजमानांना ठाऊक असतात. ज्याला जे ठाऊक, त्याची ती जबाबदारी. आपल्याकडे कोणती जोडणी आहे आणि पडदा किती बिंदूंचा आहे हे यजमानांनी निमंत्रणातच लिहावे, सत्रापूर्वी प्रत्येकाची जोडणी तपासावी आणि सभागृहाचा स्वतःचा संगणक सज्ज ठेवावा. व्याख्यात्याने पेन ड्राइव्हवर पीडीएफची प्रत आणावी. पिशवीतून काच आणण्याचीच ती आजची रीत आहे.

आणि इतके करूनही पडदा काळाच राहिला, तर ती पाच मिनिटे सत्राध्यक्षांनी आपल्या खात्यावर घ्यावीत. वक्त्याच्या वाट्याचे प्रश्न त्यांत बुडू नयेत. त्या प्रश्नांसाठीच तर तो इतका प्रवास करून आलेला असतो.