गाढवाचा नांगर आणि आमचा जेसीबी

आमच्या घरी पहिला जेसीबी १९९८ साली आला. नवा नव्हता. अम्मीच्या बांगड्या मोडून आणि पतसंस्थेचं कर्ज काढून अब्बांनी तो बारामतीत सेकंडहँड घेतला. मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकत होतो आणि सुट्टीत मशीनवर बसत होतो. पुढे मशीन धंदा झालं आणि इतिहास आवड म्हणून राहिला. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत पंचवीसेक वर्षं माती उकरल्यावर वाटतं, की दोन्हींत फार अंतर नाही. खाली काय आहे ते वरून दिसत नाही, आणि घाई केली की मोडतोड होते.

पहिला धडा पहिल्याच वर्षी मिळाला. जेसीबीच्या मागच्या बकेटनं खोदताना मशीनचा भार दोन बाजूंच्या जॅकवर येतो. कॅनॉलकाठची काळी माती वरून भेगाळलेली, टणक दिसते आणि हातभर खाली लोण्यासारखी असते. एका जुन्या विहिरीच्या कडेनं पाइपलाइनची चारी काढताना मी जॅक काठापासून पाचेक फुटांवर टेकवला. चार बकेटं काढली आणि जॅक खचला. मशीन विहिरीकडे कललं. अब्बा बांधावरून ओरडले, "उडी मारू नको! बकेट खाली टेकव आणि बसून राहा!" बकेटचे दात मातीत रुतले म्हणूनच मशीन थांबलं. दुसरं मशीन आणून साखळीनं ओढून काढेपर्यंत मी केबिनमधून विहिरीचं पाणी बघत होतो. खड्डा जेवढा खोल, निदान तेवढं तरी अंतर काठापासून ठेवायचं, हा नियम तेव्हापासून मी मोडलेला नाही.

या भागात माती उकरायची गोष्ट जेसीबीच्या फार आधीची आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात सरकारनं दुष्काळी कामं काढली, त्यांत नीरा डाव्या कालव्याचं काम होतं. १८८५ च्या सुमारास कालव्याला पाणी आलं. पुरंदर, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाणारा सुमारे १६० किलोमीटरचा हा कालवा कुदळ, फावडं आणि पाटीनं झाला. दुष्काळी कामांवरची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी इतकी खाली आणली, की दिवसभर राबणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे मिळत. लोकांनी कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आज कालव्याच्या भरावावर मशीन चढवताना मला ही गोष्ट आठवते. भराव कुणी बांधला, त्यांची नावं कुठल्याही कोनशिलेवर नाहीत. माती आणि दगडाची कामं पिढ्यान् पिढ्या करणारे वडार लोक आमच्याकडे आजही आहेत. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला मातीचा वास घेऊन खाली मुरूम आहे की पाणी, ते ओळखायला शिकवलं. मशीननं सगळ्यात आधी पोट मारलं ते त्यांचंच, हेही सांगायला हवं. पुढे त्यांचीच पोरं ऑपरेटर झाली.

कालव्यानं ऊस आला, साखर आली, आणि पाठोपाठ मीठही आलं. पाणी जास्त झालं, निचरा झाला नाही. जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. पुण्याच्या शेती कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. म्हणजे कालवा आल्यावर पंचवीस वर्षांतच दुखणं कागदावर आलं होतं. आज माझ्या मशीनला मिळणारं बरंचसं काम या जुन्या दुखण्यावरच्या इलाजाचं आहे. उतार बघून चर काढायचा, तळाला छिद्रांचा पाइप टाकायचा, वर वाळू-खडी भरायची आणि पाणी ओढ्याला सोडायचं. यात उतार चुकला तर पाणी उलटं शेतात येतं. एकदा मी नजरेच्या अंदाजानं चर काढला आणि शेतकऱ्याचा अर्धा एकर ऊस बुडवला. तेव्हापासून लेव्हल ट्यूब लावल्याशिवाय बकेट टेकवत नाही. नुकसान भरून द्यायला दोन हंगाम लागले.

पण ज्या चुकीसाठी हा लेख लिहायला बसलो, ती वेगळी आहे.

इंदापूर तालुक्यातल्या एका गावात चर काढत होतो. सातबारा मालकाच्या नावावर, मोजणी झालेली, कागद चोख. शेताच्या कोपऱ्यात लिंबाखाली दगडांचा छोटा ढीग होता. बांधावरचे वेचलेले धोंडे असतील असं समजून मी बकेट घातलं. एक दगड दुभंगला. तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरनं एक धनगर आज्जी पदर सावरत धावत आली. "ए भाई, थांब! पीरसाहेब हाय तिथं!"

मी मशीन बंद केलं. मला वाटलं, बाई चुकीच्या माणसावर ओरडतेय. मग लक्षात आलं, ती बरोबर माणसावर ओरडत होती. आज्जीनं सांगितलं, की पूर्वी गावचा मुलाणी दर गुरुवारी इथं दिवा लावायचा. बहात्तरच्या दुष्काळात मुलाण्याचं घर पोटासाठी गाव सोडून गेलं, ते परत आलं नाही. तेव्हापासून दिवा आधी तिच्या सासूनं आणि नंतर तिनं लावला. आत कोण आहे, नाव काय, तिला ठाऊक नव्हतं. "असंल कुणीतरी देवमाणूस. आपून आंधारात ठेवू नये."

शेतकरी भला माणूस. त्यानं काही न बोलता चर वळवायला सांगितलं. मी दुभंगलेला दगड जागेवर बसवला, चराला वळण दिलं, आणि त्या दोन तासांचे पैसे घेतले नाहीत. सातबाऱ्यावर त्या जागेचा एक शब्द नव्हता. ती जागा वाचली, ती फक्त एका बाईच्या आठवणीत होती म्हणून. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या दादांनीही खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्या मुलाण्याच्या जागी आमचंही घर असू शकलं असतं.

इंदापूर हे अशा आठवणींचं गाव आहे. मालोजीराजे भोसल्यांचा शेवट इथला मानला जातो, आणि त्यांच्या गढीचा आणि चाँदशाहवली बाबांच्या दर्ग्याचा परिसर एकमेकांना लागून आहे. मालोजीराजे अहमदनगरच्या निजामशाहीचे सरदार. त्यांनी नगरच्या शाहशरीफ पीरांवरून आपल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं बखरी सांगतात.

याच भोसल्यांच्या जहागिरीतल्या पुण्यावर १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव चालून आला. त्यानं पुणं जाळलं, वाडे पाडले, आणि जमिनीवर गाढवाचा नांगर फिरवला. इथं पुन्हा कुणी वसू नये, असा त्याचा अर्थ. आदिलशहा मुसलमान, पण नांगर फिरवणारा मुरार जगदेव ब्राह्मण, आणि ज्याची जहागीर जाळली ते शहाजीराजे. धर्माच्या दोन रकान्यांत हा हिशेब बसत नाही. तो सत्तेचा राग होता. पुढे जिजाऊ बाळ शिवाजीला घेऊन पुण्यात आल्या आणि सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून त्यांनी ती जमीन पुन्हा वसती केली, असं परंपरा सांगते. नांगर दोन्ही वेळा नांगरच होता. कुणी, कशासाठी धरला, त्यावर शाप आणि आशीर्वाद ठरला.

गेल्या काही वर्षांत टीव्हीवर माझं मशीन रोज दिसतं. बातमीत त्याला बुलडोझर म्हणतात, पण बहुतेक वेळा असतो तो पुढे लोडर, मागे बकेट असलेला साधा जेसीबीच. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसानं १९४५ मध्ये कंपनी काढली, १९५३ मध्ये असं पहिलं यंत्र केलं, आणि १९७९ पासून ते भारतात बनतं. आमच्याकडे निवडणूक जिंकली की त्याच्याच बकेटमधून गुलाल आणि फुलं उधळतात. दुसरीकडे, कुणावर नुसता आरोप झाला की त्याचं घर पाडायला तेच उभं राहतं. माझा धाकटा मुलगा एकदा म्हणाला, "अब्बू, शाळेत पोरं म्हणतात, तुझ्या बापाचं मशीन तुमचीच घरं पाडतं." मला उत्तर सुचायला वेळ लागला.

१३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की माणूस आरोपी आहे किंवा दोषी ठरला आहे एवढ्यावरून त्याचं घर पाडता येणार नाही. पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, त्याचं म्हणणं ऐकावं, आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई घ्यावी. सार्वजनिक रस्त्यावरचं किंवा नदीपात्रातलं अतिक्रमण त्यातून वगळलं आहे. निकाल वाचताना मला आज्जी आठवली. कोर्टानं जे एवढ्या पानांत सांगितलं, ते तिनं एका शब्दात सांगितलं होतं: थांब. बकेट टेकवायच्या आधी विचार.

मुलाला मी दुसऱ्या दिवशी मशीनवर घेऊन गेलो. एका पाणथळ रानात चर काढत होतो. संध्याकाळी पाइपाच्या तोंडातून पहिलं खारं पाणी ओढ्यात पडायला लागलं, तेव्हा शेतकऱ्यानं त्याला जवळ बोलावून दाखवलं. "बघ बाळा, तुझ्या बापानं आमचं रान परत दिलं." मुलगा काही बोलला नाही. घरी येताना मात्र त्यानं विचारलं, चर काढायच्या आधी आपण कुणाकुणाला विचारतो?

आता मी तीन जणांना विचारतो. मालकाला कागद, वायरमनला तारा आणि केबल, आणि वस्तीवरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला, इथं खाली काय आहे? तिसरं उत्तर कुठल्याच नकाशात मिळत नाही.