परांड्याची तोफ आणि तिचे बैल

परांड्याच्या किल्ल्यात शिरताना आधी खंदक लागतो, मग दुहेरी तट. तटावर आजही जुन्या तोफा दिसतात. या किल्ल्याचे नाव जिच्यामुळे लांबवर गेले ती मुलूखमैदान तोफ मात्र आता विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे.

1549 साली अहमदनगरात महंमद बिन हसन रूमी या कारागिराने ती निजामशाहीसाठी ओतली. वजन सुमारे 55 टन, तोंडाशी व्यास जवळजवळ दीड मीटर. तोंडावर सिंहाचा जबडा कोरलेला, त्यात दाताखाली चिरडला जाणारा हत्ती. बोटाने ठोकली तर घंटेसारखी वाजते. कारागिरी थक्क करणारी आहेच, पण ही तोफ पदरी बाळगायची म्हणजे काय काय बाळगावे लागत असेल?

आज लष्करासाठी तोफ निवडताना अभियंते तेवढ्या तोफेवर थांबत नाहीत. ती ओढणार कोण, पूल वजन पेलेल का, गोळे कुठून येणार, दुरुस्ती कोण करणार आणि वीस-पंचवीस वर्षांत खर्च किती होणार, हे सगळे एकत्र मांडून मगच खरेदी ठरते. विसाव्या शतकात या पद्धतीला सिस्टिम्स इंजिनिअरिंग हे नाव मिळाले.

परांड्याच्या माळावर हाच हिशेब बादशाही फौजेच्या अंगावर आला. 1630-31 च्या दुष्काळात मोगल सरदार आझमखानाने किल्ल्याला वेढा घातला. पण आसपास कोसच्या कोस वैरण उरली नव्हती. घोडे आणि बैल जगेनात, तेव्हा वेढा उठवून जावे लागले. 1634 मध्ये शहाजादा शुजा आणि महाबतखान चालून आले, तेही किल्ला न घेताच परतले.

मधल्या काळात परांडा आदिलशाहीकडे गेला होता. 1632 च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने मुलूखमैदान परांड्याहून विजापूरला नेली. तिला 400 बैल आणि 10 हत्ती जुंपले होते, असे सांगतात. भीमा ओलांडून दीडशे किलोमीटरांहून लांबची ही वाट. बैलांचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण प्रत्येक मुक्कामावर त्यांना चारा-पाणी पुरवणारा माणूसही तोफ ओतणाऱ्याइतकाच मोलाचा होता.

1854 मध्ये इंग्रज अधिकाऱ्याने ही तोफ लिलावात काढली. बोली 150 रुपयांवर थांबली. एवढा धातू फोडायचा कसा आणि वाहून न्यायचा कशावर, हा प्रश्न गिऱ्हाइकांनाही पडला असणार. पुढे विक्री रद्द झाली आणि तोफ बुरुजावरच राहिली.